वच्छलाचा डावा वाळा

१

वच्छला मंगळवारी सकाळी साडेनऊला चाकाच्या खाटेवरून आत गेली आणि दहा वाजता मेली. गुडघ्याला सुरी लागायच्याही आधी मेली.

हे मला कोणी येऊन सांगितलं नाही. ऑपरेशनच्या खोलीचं दार आमच्या वार्डाच्या तोंडाशीच होतं. आधी आतून डॉक्टरांचा आवाज आला, "सोडा, ते रबर सोडा!" मग लोखंडी काहीतरी फरशीवर पडलं. मग धावपळ. आणि मग जी शांतता झाली ती मी या जन्मात विसरणार नाही. उभ्या कापसात रानडुक्कर शिरलं की रातकिडे एकदम चूप होतात ना, तशी.

मी गिरजाबाई, कोरपन्याकडची. सोळा एकर कापूस-ज्वारी, तीन सुना, अकरा नातवंडं. शाळेत दुसरीपर्यंत गेले, पण कोणाची पोरगी कुठे द्यायची, कोणाच्या गाईला काय पाजायचं, हे आमच्या गावात मला विचारल्याशिवाय होत नाही. कोणाला भ्यायचं मला माहीतच नव्हतं. त्या मंगळवारी मात्र माझे दात वाजत होते. त्याच टेबलावर, त्याच रबराखाली, गुरुवारी माझा नंबर होता.

अठ्ठ्याऐंशी सालचा जानेवारी. चंद्रपुरात परकोटाच्या आत एका ट्रस्टचा जुना दवाखाना, तिथे नागपूरचे डॉक्टर टेमुर्डे आठवडाभरासाठी आले होते. विलायतेत शिकलेला माणूस. झिजलेला गुडघा काढून पोलादाचा बसवायचे. आमच्याकडे हे कोणी ऐकलंही नव्हतं. त्या आठवड्यात आम्ही दोघीच होतो, मंगळवारी वच्छला आणि गुरुवारी मी. गुरुवार संपला की डॉक्टर परत विलायतेला जाणार होते, दोन वर्षांसाठी.

वच्छला वडशाकडची, धानवाली. रविवारी आली आणि माझ्या शेजारच्या खाटेवर निजली. डोक्याला गच्च फडकं, कानात कापूस. थंडी होती म्हणून मीही काही म्हटलं नाही. डबाभर डिंकाचे लाडू आणले होते, त्यातले दोन मला दिले. पायात चांदीचे जाड वाळे. कूस बदलली की उजवा वाजे. डावा वाजत नव्हता. हे मी पाहिलं होतं, आणि पाहून सोडून दिलं होतं.

तिची माझी ओळख आधीची. डिसेंबरच्या सुरुवातीला तपासणीच्या दिवशी आम्ही बाकावर दोन घंटे शेजारी बसलो होतो. मी बोलत होते, ती ऐकत होती. माझ्याशी ओळख म्हणजे तशीच होते.

बारा वाजता तिला बाहेर आणलं. चादर तोंडावरून ओढलेली, पण एक पाऊल उघडं राहिलं होतं. माझ्या खाटेजवळून गेलं तेव्हा तळवा दिसला. जन्मभर चिखलात धान रोवलेल्या बाईचा तळवा तो. त्याला एक भेग नव्हती. तान्ह्या पोराच्या गालासारखा मऊ होता.

२

दुपारी वार्डात वच्छलाचा मुलगा उभा राहिला. हरिदास त्याचं नाव. धिप्पाड गडी, पण आवाज फाटलेला.

"त्या सिस्टरनं सुई टोचली. टोचल्यावर अर्ध्या घंट्यात माय गेली. मी रपट लिहवतो. लाश सरकारी दवाखान्यात चिरू द्या, समदं निघते बाहेर."

सिस्टर सत्यशीला दाराशी उभी होती. तिशीतली बाई, कडक इस्त्रीची पांढरी साडी.  तिचे हात दाराजवळच्या टेबलाची कड धरून होते.

मग वच्छलाचं सामान दिलं. लुगडं, डोरलं, लाडवांचा डबा आणि एक वाळा. उजवा.

"डावा कुठी हाय?" हरिदास म्हणाला. त्यानं लुगडं झटकून पाहिलं. "म्हंजे मारलं बी आन लुटलं बी!"

तो निघून गेला तशी वार्डात कुजबुज सुटली. समोरच्या खाटेवरची म्हातारी बुधरी माझ्याकडे वाकून म्हणाली, "बाई, वच्छला त्या सिस्टरच्या हातचं पानी बी पेत नोती. तिले कायतरी कळलं असन."

तिला काय म्हणायचं होतं ते मला समजलं. सत्यशीला बौद्ध. मी म्हणाले, "तू पेते ना तिच्या हातची गोळी? का गोळी गंगेतून येते तुयी?" म्हातारी मुकाट्यानं भिंतीकडे वळली. पण खरं सांगायचं तर वच्छलाचा पेला तसाच परत जाताना मीही पाहिला होता आणि मीही तेच समजले होते.

माझी धाकटी सून सीता माझ्यासोबत राहिली होती. तिनं पिशवी भरायला घेतली.

"आत्याबाई, घरी चला. गुडघा गेला खड्ड्यात."

"गुडघाच खड्ड्यात गेला म्हून त आली ना व इथी! ठेव ती पिशवी."

बोलले खरं, पण पिशवीकडे माझाच जीव ओढत होता. घरी जाऊन काय करणार होते मी? दोन वर्षांपासून मी संडासला बुडावर सरकत जात होते. ज्या गावात माझा शब्द चालतो तिथे मला धड चालवत नव्हतं. सुना मला पोत्यासारखी उचलत आणि एकमेकींकडे बघत. आणि टेबलावर चढावं तर वच्छला डोळ्यापुढे. तिला कोणी मारलं, कशानं मारलं, हे कळल्याशिवाय मी चढणार नव्हते. चढले नाही तर मरेपर्यंत सरकत राहायचं.

माझ्याकडे दीड दिवस होता. गुडघा साथ देत नव्हता, म्हणून खाटेवर बसूनच शोधायचं होतं.

३

बुधवारी सकाळी वारलू आला. वारलू म्हणजे तिथला ड्रेसर. पेशंटच्या पायाचे केस काढायचे, दागिने उतरवायचे, आत रबराची पट्टी गुंडाळायची, ही त्याची कामं. पन्नाशीचा, हाडकुळा. वस्तरा घेऊन माझ्या पायापाशी बसला.

"माया पायातले वाळे तू काढशीन का सुनेले सांगू?"

त्याच्या हातून साबणाची वाटी पडली.

मी हळूच म्हणाले, "वच्छलाचा डावा कुठी ठेवला?"

"मी चोर नाई, बाई."

"ते मले ठाव हाय. चोराले एक वाळा घेऊन काय करायचं? चोर असता त दोन्ही नेले असते. पन लपवला तूच. काऊन लपवला?"

वारलूनं इकडेतिकडे पाहिलं. मग गेला आणि आपला जेवणाचा डबा घेऊन आला. भाकरीच्या फडक्यात वाळा होता. मधून कापलेला. प्लास्टर कापायच्या कात्रीचे दात चांदीवर उमटले होते.

"उजवा साबणानं निघाला. डावा निघेच ना. पाय सुजून टम्म. डॉक्टर आतून आवाज देऊन राह्यले होते. ते बाई हात जोडून म्हने, भाऊ, कापू नोको, माया घरधनी जिता हाय, सवाष्णीच्या पायातलं कापत नाई. मी कापला." त्यानं वाळा माझ्यापुढे सरकवला. "आन अर्ध्या घंट्यात ते गेली. म्याच मारली तिले, बाई. अपशकुनानं मारली."

"डॉक्टरले सांगितलं, डावा पाय सुजला मनून?"

"कसं सांगू? सांगितलं असतं त पयलं इचारलं असतं, वाळा काऊन कापला."

मी तो वाळा हातात घेतला. चांदी थंडगार होती. रविवारी उजवा वाजत होता आणि डावा वाजत नव्हता, याचा अर्थ आता लागला. डाव्यात फिरायला जागाच नव्हती. म्हणजे पाय दवाखान्यात सुजला नाही. ती घरूनच सुजलेला पाय घेऊन आली होती. आणि ऑपरेशन त्याच डाव्या गुडघ्याचं होतं.

मग सुई टोचणारी सिस्टर कुठून आली यात? मला तिच्याशी बोलायचं होतं. पण दुपार झाली तरी सिस्टर वार्डात आली नाही. सीता खबर घेऊन आली, "आत्याबाई, तिले कामावरून काढलं म्हंतेत. खाली बसली हाय, सामान घेऊन."

४

मी निरोप धाडला की गिरजाबाईच्या छातीत दुखून राह्यलं. सत्यशीला धावत वर आली. नाडी धरली आणि माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "काही दुखत नाही तुमच्या छातीत."

"नाई दुखत. बस इथी. कोनती सुई देल्ली होती वच्छलाले?"

"जी सगळ्यांना देते ती. झोप यायची. सोमवारी हर्नियाच्या दोघांना दिली, ते बघा जेवतायत."

पलीकडे दोघंही खरंच वरणभात चापत होते.

"मंग कायले भ्यायली तू? काल टेबल धरून उभी होती. सुईनं नाई मारलं, मंग कायचं भेव?"

तिनं नाडीवरचा हात काढला. मग म्हणाली, "पाण्याचं. डॉक्टरांनी कागदावर लिहिलंय, ऑपरेशनच्या आदल्या दिवसापर्यंत प्रत्येकीला आठ पेले पाणी. तिनं घोटभर घेऊन पेला परत केला. मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा नाही सांगितलं."

"काऊन?"

"सवय आहे, बाई. माझ्या हातचं पाणी परत करणारे मी पुष्कळ पाहिलेत. तुम्हीसुद्धा रविवारी घरचा तांब्या मागितला होता. मला वाटलं, तीही तशीच. हात जोडून पाणी पाजायला मी काही बांधलेली नाही. म्हणून गेले निघून." तिनं डोळे पुसले नाहीत, नुसते मिटले. "नर्सनं असं जायचं नसतं."

आजवर मला तोंडावर असं कोणी बोललं नव्हतं. दुसऱ्या कोणी बोललं असतं तर मी त्याची सात पिढ्यांची उतरंड फोडली असती. पण तिचं खरं होतं. आणि त्या खऱ्यातच काहीतरी खटकत होतं.

"थांब," मी म्हणाले. "रविवारी मी वच्छलाले माया तांब्यातलं पानी देल्लं होतं. तिनं घोटभर पेलं आन परत केलं. म्हने, बस बाई, सून वरडते. सोमवारी तिच्या सुनेनं देल्लं, ते बी घोटभर. बाई, तिनं कोनाच्याच हातचं पानी पेलं नाई! तुया हाताचा काई सवालच नोता."

सत्यशीलानं डोळे उघडले. तिच्या चेहऱ्यावर आधी हलकं वाटल्यासारखं झालं आणि लगेच भीती पसरली.

"मग ती पाणी का पीत नव्हती?" ती म्हणाली.

५

तीन वाजता डॉक्टर टेमुर्डे आले. एका दिवसात माणूस दहा वर्षांनी म्हातारा झालेला. स्टूल ओढून माझ्या खाटेजवळ बसले.

"आजी, पोस्टमॉर्टेमचं कळलं. विष नाही, सुई नाही. काळजातून फुफ्फुसाला रक्त नेणारी मोठी नळी असते. तिच्यात रक्ताची गाठ अडकली. बोटाएवढी लांब."

"गाठ आली कुठून?"

"पायातून. ऑपरेशनच्या आधी आम्ही बोटांपासून मांडीपर्यंत रबराची पट्टी आवळत नेतो, पायातलं रक्त वर सारतो. कापताना रक्त जात नाही. पण पोटरीत आधीच गाठ असेल तर तीही वर सरकते. आम्हीच ती ढकलली, आजी. पट्टी मांडीपर्यंत पोचली, ती म्हणाली, छातीत कसंतरी होतंय, आणि..."

 माझी स्वतःची पोटरी चादरीखाली आपोआप आखडली.

"अशी गाठ होते कायनं?"

"पाय दिवसेंदिवस न हलवता ठेवला की रक्त साचतं. पाणी कमी प्यायलं की दाट होतं. म्हणून तर मी तपासणीला सगळ्यांना सांगतो, रोज चाला, दुखलं तरी चाला, पाणी प्या. तिच्या कागदावर लिहिलंय, रोज चालते. सुनेनं सांगितलं तसं. मी गुडघा बघितला, पोटरी बघितली नाही. ती चूक माझी."

मी उशीखालून कापलेला वाळा काढून त्यांच्या हातात दिला. वारलूचं सगळं सांगितलं. त्यांनी कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

मग म्हणाले, "कोणीतरी तिला खूप दिवस निजवून ठेवलं असलं पाहिजे. पण सून तर नाही म्हणते. आणि ते तसं नसेल, तर माझ्या पट्टीत किंवा माझ्या हातातच दोष आहे. आजी, हे नक्की कळल्याशिवाय मी उद्या तुमच्या पायाला हात लावणार नाही."

ते उठून गेले. सीतेला बरं वाटलं असावं, मला नाही वाटलं. उद्या नाही म्हणजे कधीच नाही.

मी डोळे मिटून वच्छलाला पुन्हा एकदा रविवारी दारातून आत आणलं. डोक्याला गच्च फडकं. कानात कापूस. डिंकाचे लाडू. पाणी घोटघोट. मऊ तळवे. आणि तिच्या लुगड्याला एक वास होता, ओळखीचा. मी नऊ पोरं जन्माला घातली आणि सुनांची अकरा बाळंतपणं केली, मला तो वास ओळखू येऊ नये? शेपा-ओव्याची धुरी.

साठ वर्षांची बाई, आणि कोणीतरी तिला बाळंतीण करून ठेवलं होतं.

६

वच्छलाची सून आशा खाली व्हरांड्यात बसली होती. हरिदास सरकारी दवाखान्यातून प्रेत ताब्यात घ्यायला गेला होता. सीता आणि वारलूनं मला खुर्चीसकट उचलून खाली नेलं. दोघांना मी लांब जायला सांगितलं.

आशा पंचविशीची, काटकुळी. पदर तोंडाला लावून बसलेली. मी वरून आले ती मनात ठरवून, की हीच. पाणी तोडणारी, सासूला खाटेला खिळवणारी. असल्या सुना मी पाहिल्यात.

"सासूले किती दिस निजवलं व?" मी तोफ डागली. "लपवू नोको. धुरी देल्ली, डिंक चारला, पानी तोडलं. बाळंतिणीले करतेत तसं समदं केलं. खाटेखाली शेगडी बी ठेवली असन."

"ठेवली," आशा पुटपुटली.

"पाय?"

"लुगड्याच्या पट्टीनं बांधून ठेवले. गुडघा हलू नये मनून. हागाया-मुताया मीच करत होती. सव्वा महिना. खाली पाय टेकू देल्ला नाई, बाई, एक दिस बी नाई."

"आन डॉक्टरले सांगितलं, रोज चालते?"

"भेव वाटलं. ते रागावले असते, आपरेशन नाई केलं असतं. आत्याबाईच म्हनल्या, सांग त्याइले चालतो मनून. बाईमानसाच्या गोष्टी डाक्टरले काय समजतेत."

"पन डोकं होतं का नोतं तुले? साठ वर्साच्या बाईले सव्वा महिना! कोन्या शहाण्यानं सांगितलं हे?"

आशानं तोंडावरचा पदर काढला. पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"तुमीच सांगितलं, बाई," ती म्हणाली.

मला आधी समजलंच नाही.

"डिसेंबरात, बाकावर. डाक्टर आतमधी सांगून राह्यला होता, चाला, पानी प्या. आत्याबाई बाहेर येऊन तुमाले म्हनल्या, असं कसं, दुखरा पाय घेऊन चालायचं? तुमी हासल्या. म्हनल्या, काल आलेलं पोट्टं ते, त्याले काय कळते? नवा गुडघा म्हंजे बाळंतपनच समज. आपरेशनपयले सव्वा महिना बाळंतिणीवानी जप अंगाले, पाय टेकू नोको, पानी जपून पे, डिंक खा. मंग पाह्य, गुडघा कसा रुजते त. आत्याबाई घरी येऊन रोज म्हनत. डाक्टर काय, कोरपन्याच्या बाईनं वीस बाळंतपनं केली, तिले जास्त कळते."

व्हरांड्यात ऊन होतं. मला हुडहुडी भरली.

मला आठवलं. आठवलं म्हणजे शब्द नाही आठवले, बाकावरचं ते हसू आठवलं. असं मी रोज कोणाला ना कोणाला सांगते. आणि मी स्वतः? मी एक दिवस निजले नाही. कापूस वेचायला बाया लावल्या की मी काठी टेकत, कण्हत, शेताच्या धुऱ्यावर फिरणारच. दुसऱ्यावर माझा भरवसा नाही. जिथे चालवेना तिथे सरकत जायची. दुसऱ्याला सांगितलेलं मी स्वतः कधी केलं नाही. म्हणून माझे पाय सुजले नव्हते.

"हरिदासले ठाव हाय?"

आशानं मान हलवली. "त्याले मी सांगितलं नाई. तो कामावर जाये, त्याले वाटे माय अशीच निजते. सांगितलं त मले घरातून काढन. तुमी बी सांगू नोका, बाई. मी तुमचं नाव काढनार नाई."

म्हणजे माझं तोंड बंद ठेवलं तर मी सुटत होते. सत्यशीला घरी बसली असती, वारलू चोर ठरला असता, डॉक्टर विलायतेला गेले असते, आणि कोरपन्याच्या गिरजाबाईचा शब्द गावात तसाच चालत राहिला असता. जन्मात कधी गप्प बसले नाही मी. त्या दिवशी गप्प बसण्याची मला पहिल्यांदा हाव सुटली.

फाटकातून हरिदास येताना दिसला.

७

मी त्याला जवळ बोलावलं. डॉक्टरांना आणि सत्यशीलालाही बोलावणं धाडलं. सगळे येईपर्यंत मी थांबले.

"हरिदास, तुया मायले सुईनं नाई मारलं. वाळा बी कोनी चोरला नाई, पाय सुजला मनून वारलूनं कापला, आन भेवानं लपवला. सिस्टरनं पान्याचं तिसऱ्यांदा सांगितलं नाई. तुया बायकोनं खोटं सांगितलं, ते बी तुया मायनं सांगाया लावलं मनून. हे समदे चूप राह्यले. पन पयलं कोन बोललं इचार. मी बोलली."

आणि बाकावरचं सगळं सांगितलं. काही झाकलं नाही.

मला वाटलं, तो मारेल. मारलं असतं तर मी हात वर केला नसता. तो नुसता उभा राहिला. मग म्हणाला, "माय रोज तुमचं नाव घे."

एवढंच बोलला. आशाकडे पाहिलं, तिचा दंड धरून उठवलं आणि घेऊन गेला. धरलं ते रागानं की आधारानं, मला कळलं नाही. रपट मात्र त्यानं लिहवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सत्यशीला कामावर होती.

तिच्या हातात शिंप्याचा टेप होता. माझ्या दोन्ही पोटऱ्या मोजल्या, दाबून पाहिल्या, पाऊल वर करून पाहिलं. "सारख्या आहेत," ती डॉक्टरांना म्हणाली. मग पेला पुढे केला. "कोरड पडली असेल ना? आता प्यायचं नाही, पण चूळ भरा." मी तिच्या हातून पाणी घेतलं आणि चूळ भरली.

"डॉक्टर, दोन्ही गुडघे एकदाच करून टाका ना," मी म्हणाले. भीती वाटली की माझं तोंड असं सुटतं.

"नाही, आजी. एक केला तरी हाडातली चरबी रक्तात जाते. दोन्हींची एकदम नको. एकच. आणि आज ती पट्टी नाही."

त्या टेबलावर मला कंबरेत सुई दिली. खालचं अंग मेलं, वरचं जागं राहिलं. पुढे हिरवा पडदा. पट्टी गुंडाळली नाही, पाय नुसता उंच टांगून ठेवला, रक्त आपोआप उतरू दिलं. वर मांडीला हवेचा पट्टा लावला. मग करवतीचा आवाज. डॉक्टर दुसऱ्याला सांगत होते, "भोक मोठं कर. आतली चरबी आधी नळीनं ओढून घे. सळई हळू, घाई नको." मला काही दुखत नव्हतं. मी फक्त छाती सांभाळत होते, काखेत कोंबडी धरतात तशी.

मग डॉक्टर म्हणाले, "आजी, आता मांडीचा पट्टा सोडतोय. अडलेलं रक्त पुन्हा फिरेल. छातीत काही वाटलं तर लगेच सांगा."

सत्यशीलानं माझा हात धरला. पट्ट्यातून हवा सुटल्याचा फुस्स आवाज आला. मी वाट पाहिली. वच्छलानं ज्याची वाट पाहिली नव्हती आणि जे तिला आलं, त्याची मी वाट पाहिली. एक श्वास. दुसरा. मला वाटलं, आता येईल, यायलाच पाहिजे, न्याय असेल तर यायलाच पाहिजे. तिसरा श्वास आला. चौथा आला.

"काही वाटतं?"

"भेव," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सत्यशीलानं मला उभं केलं. डोळ्यापुढे काजवे चमकले, मी तिला शिव्या दिल्या, तिनं ऐकल्या आणि दोन पावलं चालवलं. खाटेवरही तासातासाला पंजे हलवायला लावायची.

घरी जायच्या दिवशी वारलू आला. फडक्यात कापलेला वाळा होता.

"हरिदासनं घेतला नाई, बाई. उजवा नेला. हा म्हने, त्या कोरपन्याच्या बाईले द्या."

"आखीन काय म्हनला?"

"काईच नाई."

तो मला माफ करून दिला की जन्मभर टोचत राहावा म्हणून दिला, हे मी आजवर ठरवू शकले नाही. विचारायला वडशाला जायची हिंमत झाली नाही. गुडघा चांगला आहे, बसनं जाता येतं. तरी नाही गेले.

बाया अजून माझ्याकडे येतात. परवा गावातली एक आली, तिच्या नणदेचं नागपूरला गुडघ्याचं ठरलं होतं. पायरीवर बसली आणि म्हणाली, "बाई, तिनं आता कसं राहावं, तुमी सांगा." तोंड उघडायच्या आधी मी उठले, आत गेले, पेटीतून तो वाळा काढून आणला आणि मुठीत धरून तिच्यासमोर बसले. कापलेली कड तळहाताला लागते.

"डॉक्टर काय म्हनला?" मी विचारलं.

"तो म्हंते, चाला, पानी प्या. पन तुमाले काय वाटते?"

"मले काई वाटत नाई," मी म्हणाले. "डॉक्टर म्हनला तसं करा."

ती हिरमुसून गेली. गावात आता म्हणतात, गिरजाबाई म्हातारी झाली, पहिल्यासारखी राहिली नाही.